आपला मित्र आपणच : स्वामी श्रद्धानंदांचे चरित्र

आपले हित कशात आहे हे मनुष्याला कळत नाही, असे क्वचितच घडते. पहाटे उठावे, व्यसन सोडावे, वाणीला आवर घालावा, मुलाबाळांना वेळ द्यावा, भगवंताचे स्मरण करावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही दिवस मावळतो तेव्हा जे करावयाचे होते ते राहून गेलेले असते आणि जे करावयाचे नव्हते नेमके तेच हातून घडलेले असते. मनुष्य इच्छा नसतानाही जणू कोणी बळाने ओढून न्यावे तसा पापाकडे का जातो, असा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांना विचारला आहे. तो प्रश्न केवळ कुरुक्षेत्रावरचा नाही, प्रत्येक गृहस्थाच्या घरातला आहे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी त्याचे मर्म उघड केले आहे. ज्याने स्वतःला जिंकले त्याचा तो स्वतःच बंधू होतो, आणि ज्याने जिंकले नाही त्याचे वैर त्याचेच मन करते. आपला उद्धार आपणच करावयाचा आहे.

हे तत्त्व ज्यांच्या जीवनात अक्षरशः उतरले, अशा एका पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. जग त्यांना स्वामी श्रद्धानंद या नावाने ओळखते. हरिद्वारजवळच्या गुरुकुलाचे संस्थापक आणि दिल्लीच्या चांदणी चौकात संगिनींपुढे उभे राहिलेले निर्भय संन्यासी म्हणून त्यांची कीर्ती आहे. परंतु आयुष्याची पहिली अठ्ठावीस-तीस वर्षे ते संन्यासी नव्हते, साधकही नव्हते. ते मुन्शीराम होते, आणि मुन्शीरामांचा सर्वांत मोठा शत्रू स्वतः मुन्शीरामच होता.

पंजाबातील जालंधर जिल्ह्यात सतलजेच्या परिसरात तलवन नावाचे गाव आहे. १८५७ च्या उठावाच्या आगेमागे तेथे एका खत्री कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लाला नानकचंद पोलीसखात्यात अधिकारी होते. त्यांच्या बदल्या संयुक्त प्रांतातील गावोगावी होत असल्याने मुलाचे शिक्षण कोठेच स्थिर झाले नाही. नानकचंद स्वतः मोठे श्रद्धाळू होते, त्यांची पूजा कधी चुकत नसे. धाकट्या मुलावर त्यांची विशेष माया होती. मुलगा देखणा, अंगाने धट्टाकट्टा आणि बुद्धीने तल्लख होता. वडिलांचा मान मोठा, घरात पैसा आणि वर धाक असा कोणाचा नाही. ज्या सुखसोयींनी त्याची उन्नती व्हावी, त्याच त्याच्या अधोगतीची साधने झाल्या.

काशीत शिकत असताना एकदा हा तरुण विश्वनाथाच्या दर्शनास गेला असता त्याला दाराशीच अडवण्यात आले. आत रीवा संस्थानची राणी पूजा करीत होती. देवाच्या दारातही राजा आणि रंक असा भेद असावा, या विचाराने त्याचे मन असे विटले की ज्या श्रद्धेत तो वाढला होता ती एका क्षणात गळून पडली. दोष होता तो व्यवस्थेचा, पण तरुण मनाने त्यासाठी देवालाच नाकारले. पुढे कॉलेजात असताना मद्य, जुगार, कादंबऱ्या आणि मित्रांच्या बैठका यांत दिवस जाऊ लागले. परीक्षेत अपयश आले. प्रयागच्या कॉलेजातही तीच कथा झाली. बुद्धी कमी नव्हती, इच्छाही होती. उणीव एकच होती. इच्छा एका दिशेला होती आणि पावले दुसऱ्या दिशेला पडत होती.

याच काळात, १८७७ साली, जालंधरच्या लाला सालिगराम यांची कन्या शिवदेवी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. शिवदेवी वयाने लहान, शिक्षणही बेताचेच. पण तिच्या अंगी असलेल्या शक्तीची कल्पना तिच्या पतीला बऱ्याच उशिरा आली.

१८७९ साली नानकचंद बरेली येथे कोतवाल होते. त्या वर्षी स्वामी दयानंद सरस्वती व्याख्यानांसाठी तेथे आले. मुंबईत आर्यसमाजाची स्थापना होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. सभेत शांतता राखण्याचे काम कोतवालाकडेच होते. व्याख्यान ऐकून आल्यावर त्यांनी आपल्या नास्तिक मुलाला तेथे जाण्याचा आग्रह केला. केवळ संस्कृत जाणणारा साधू बुद्धिवादाचे काय सांगणार, अशा शंकेनेच मुलगा गेला. पण ती तेजस्वी मूर्ती पाहून आणि तो तर्क ऐकून तो थक्क झाला. पुढे त्याने स्वामीजींना एकांतात गाठून ईश्वराच्या अस्तित्वाविषयी पुनःपुन्हा वाद घातला. प्रत्येक वेळी तो निरुत्तर झाला, आणि प्रत्येक वेळी त्याने प्रामाणिकपणे कबूल केले की बुद्धी गप्प झाली पण विश्वास काही उपजला नाही. स्वामीजींनी त्याला एवढेच समजावले की प्रश्नांना उत्तरे देणे आपल्या हाती होते. विश्वास ईश्वराच्या कृपेने यावयाचा असतो.

वाचकांस वाटेल की अशा महात्म्याच्या दर्शनाने मुन्शीराम त्याच दिवशी पालटले असतील. तसे झाले नाही, आणि याच कारणासाठी हे चरित्र आपल्यासारख्यांना उपयोगी आहे. सत्संग घडला, बुद्धीला पटले, हृदयही हेलावले. परंतु संध्याकाळ झाली की पाय पुन्हा मित्रांच्या बैठकीकडे वळत. जे कळले आणि जे घडले यांच्यामध्ये पाचसहा वर्षांचे अंतर पडले.

बरेलीतलीच एक रात्र आहे. मित्रांच्या संगतीने मुन्शीराम अतिशय मद्य प्याले आणि नको त्या ठिकाणीही जाऊन आले. घरी पोहोचले तेव्हा पाय लटपटत होते. पायऱ्या चढतानाच वांती झाली. त्या अवस्थेत कोणीतरी त्यांना सावरले, तोंड धुतले, मळलेले कपडे उतरवले आणि अंथरुणावर निजवले. मध्यरात्र उलटल्यावर जाग आली तेव्हा शिवदेवी पायाशी बसून पाय चेपीत होती. तिने उठून ऊन दूध दिले. थोडी शुद्ध आल्यावर पतीच्या लक्षात आले की तिने अजून अन्नाचा घास घेतलेला नाही. पती उपाशी असताना आपण जेवावे हे तिच्या मनालाच शिवले नव्हते. एक कठोर शब्द नाही, एक उसासा नाही. मुन्शीरामांनी आपली सारी दुष्कृत्ये तिच्यापुढे सांगून टाकली आणि क्षमा मागितली. तिने ती कथा वाढू दिली नाही. सेवा करणे हा आपला धर्म आहे, या एकाच भावाने ती वागली.

त्या रात्री झालेला पश्चात्ताप खोटा नव्हता. तरीही तो पुरला नाही. काही काळाने दारूच्या दुकानदाराचे सुमारे तीनशे रुपयांचे देणे अंगावर आले. वडिलांना सांगण्याचे धैर्य होईना. पतीचा उतरलेला चेहरा पाहून शिवदेवीने कारण विचारले आणि हातातील सोन्याची कांकणे काढून त्याच्यापुढे ठेवली. देणे फिटले, पण पत्नीचे मोकळे हात पाहून झालेली शरमही व्यसनाला मुळासकट उपटू शकली नाही. अनुताप हा धर्माचा आरंभ आहे, त्याची पूर्तता नव्हे. डोळ्यांतील पाण्याने मन ओले होते खरे, पण ओल्या जमिनीत बी पेरले नाही तर ती पुन्हा वाळून जाते.

याच सुमारास वडिलांच्या खटपटीने त्यांना नायब तहसीलदाराची जागा मिळाली. एकदा गोऱ्या सैनिकांनी गरीब विक्रेत्यांची अंडी पैसे न देताच उचलली. मुन्शीरामांनी त्या विक्रेत्यांची बाजू घेतली आणि सैन्याच्या कर्नलचा रोष पत्करून नोकरीवर पाणी सोडले. दुसऱ्यावरचा अन्याय पाहून जो मनुष्य सरकारी नोकरी फेकून देऊ शकतो, तोच मनुष्य हातातला पेला फेकू शकत नाही, हे केवढे आश्चर्य! बाहेरच्या शत्रूशी लढण्याचे शौर्य त्यांच्यात मूळचेच होते. ते आत वळवावयाचे राहिले होते.

पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते लाहोरास गेले. मुख्तारीची परीक्षा देऊन जालंधर भागात त्यांनी काम सुरू केले. उत्पन्न होऊ लागले, तशा मेजवान्याही वाढल्या. १८८४ च्या अखेरीस एका परिचिताच्या घरी अशीच बैठक झाली. रात्री आतल्या खोलीतून एका स्त्रीचा आक्रोश ऐकू आला. मुन्शीराम धावत गेले तो मद्यधुंद झालेला त्यांचा स्नेही एका असहाय तरुणीवर झडप घालीत होता. त्यांनी त्याला बाजूस सारून तिची सुटका केली. मन अत्यंत उद्विग्न झाले, आणि तो उद्वेग बुडवण्यासाठी त्यांनी काय करावे? पुन्हा मद्यच ओतून घेतले! मनुष्याचे मन त्याला कसे फसवते याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. ज्या विषाने समोरचा मनुष्य पशू झाला, तेच विष दुःखावरचे औषध म्हणून हातात आले.

पेला ओठांशी नेणार एवढ्यात बरेलीत पाहिलेली त्या कौपीनधारी संन्याशाची मूर्ती त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभी राहिली. मुन्शीरामांनी पेला भिंतीवर आपटला, आणि त्यापाठोपाठ बाटलीही. उद्यापासून सोडीन, असे ते म्हणाले नाहीत. ही बाटली संपल्यावर सोडीन, असेही नाही. विचार आणि कृती यांच्यामध्ये त्यांनी या वेळी एका श्वासाचेही अंतर ठेवले नाही. आजवरचे सारे निश्चय त्या अंतरातच बुडाले होते.

त्यानंतर लाहोरास परतल्यावर सत्यार्थप्रकाश हा ग्रंथ मिळवावा असे त्यांच्या मनाने घेतले. आर्यसमाजाच्या मंदिरात गेले तो पुस्तकांची खोली बंद. पुस्तके देणारे गृहस्थ तारखात्यात नोकरीस होते. मुन्शीराम त्यांच्या घरी गेले, तेथून कचेरीत, कचेरीतून पुन्हा घरी. ते शिकवणीसाठी गेले आहेत असे कळल्यावर वाट पाहत थांबले. जो विद्यार्थी परीक्षेची पुस्तके महिनोन्महिने उघडीत नसे, तो एका ग्रंथासाठी दिवसभर पायपीट करीत होता. ग्रंथ हाती पडला तेव्हाच त्यांचे पाय थांबले, आणि मग वाचन थांबेना. १८८५ च्या आरंभी ते आर्यसमाजाचे सभासद झाले.

आणखी एक बंधन उरले होते. पंजाबातील त्यांच्या वर्गात मांसाहार ही रोजची गोष्ट होती. ग्रंथ वाचून त्यांना त्यातील दोष पटला होता, पण पटूनही ताट तसेच चालू होते. एके दिवशी फिरावयास निघाले असता लाहोरच्या रस्त्यावर डोक्यावर मांसाची टोपली घेतलेला एक मनुष्य त्यांना दिसला. कापलेल्या बकऱ्यांचे पाय टोपलीबाहेर लोंबत होते. ते दृश्य मनातून जाईना. संध्याकाळी जेवणात मांसाची वाटी समोर येताच त्यांनी ती दूर भिरकावली. सोबती आश्चर्याने पाहत राहिले. पुन्हा त्यांनी मांसाला स्पर्श केला नाही.

आता मुन्शीरामांना आपल्या मनाची ओळख पटली होती. परतीची वाट मोकळी ठेवली की आपले मन त्याच वाटेने पळते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. म्हणून पुढील सर्व आयुष्यात कोणतेही कार्य हाती घेताना ते प्रथम परतीची वाट बंद करीत.

जालंधरला वकिली करीत असताना त्यांची मुलगी मिशनच्या शाळेत जात असे. एके दिवशी तिने तेथे शिकलेले परधर्माचे गीत घरी म्हणून दाखवले. इतरांप्रमाणे मिशनऱ्यांना दोष देऊन ते गप्प बसले नाहीत. आपल्या मुलींसाठी आपण शाळा काढलेली नाही, हा दोष आपला आहे, हे त्यांनी मान्य केले. मेहुणे लाला देवराज यांच्यासह त्यांनी कन्याशिक्षणाचे कार्य उभे केले. त्यातूनच जालंधरचे प्रसिद्ध कन्या महाविद्यालय वाढले. १८८९ साली त्यांनी सद्धर्मप्रचारक हे साप्ताहिक सुरू केले. ते उर्दूत निघे, कारण पंजाबातील वाचक उर्दूच वाचीत. परंतु हिंदीचा पुरस्कार करणाऱ्याचे पत्र उर्दूत निघावे ही विसंगती मनास टोचू लागली, तेव्हा १९०७ साली वाचक घटण्याची व तोट्याची पर्वा न करता त्यांनी ते देवनागरी लिपीत व हिंदी भाषेत आणले. तोंडाने एक आणि हाताने दुसरे, हे त्यांना आता सहन होत नसे.

१८९१ साली शिवदेवी चार लहान मुले मागे ठेवून परलोकवासी झाली. मृत्यूपूर्वी आपल्या चुकांची क्षमा मागणारा आणि मुलांना आईची उणीव भासू देऊ नये असे विनवणारा निरोप तिने पतीसाठी मागे ठेवला होता. त्या वेळी मुन्शीरामांचे वय पस्तिशीच्या आसपास होते. पुनर्विवाहाचा आग्रह झाला, पण त्यांनी तो मानला नाही. जिची कांकणे त्यांच्या व्यसनासाठी गेली होती, तिचे ऋण त्यांनी एकनिष्ठेने फेडले.

त्यानंतर त्यांच्या जीवनातील मुख्य कार्य आले. ब्रह्मचर्य, साधी राहणी, वेदाध्ययन आणि आधुनिक विद्या यांचा मेळ असलेले गुरुकुल उभारावे, असा विचार पंजाबच्या आर्यसमाजात १८९८ च्या सुमारास मांडला गेला. सर्वांना तो आवडला, ठराव झाले, आणि ठरावांचे जे होते तेच होऊ लागले. तेव्हा मुन्शीरामांनी जाहीर प्रतिज्ञा केली की गुरुकुलासाठी तीस हजार रुपये जमेपर्यंत आपण आपल्या घरात पाऊल ठेवणार नाही. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. झोळी घेऊन ते गावोगाव हिंडले. काही लोक हसले, पण काही महिन्यांतच तीस हजारांहून अधिक निधी जमला आणि मगच ते घरी परतले. पूर्वी ज्या घरी ते रात्री-अपरात्री झोकांड्या खात येत असत, त्याच घराचा उंबरठा त्यांनी आपल्या व्रताची सीमा केली.

१९०० साली गुजरांवाला येथे आरंभ होऊन १९०२ साली गुरुकुल गंगेच्या पलीकडील तीरावर कांगडी येथे आले. ती जमीन नजीबाबादच्या मुन्शी अमनसिंह यांनी दान दिली होती. भोवती दाट अरण्य होते, रात्री वन्य पशूंचे आवाज येत. अशा ठिकाणी कोवळ्या वयाची मुले वर्षानुवर्षे ठेवण्यास कोणते आईबाप तयार होणार? मुन्शीरामांनी प्रथम आपले दोन्ही पुत्र, हरिश्चंद्र आणि इंद्र, तेथे आणले. चालती वकिली सोडली. पुढे आपला ग्रंथसंग्रह, छापखाना आणि अखेर जालंधरचे राहते घरही त्यांनी गुरुकुलास अर्पण केले. ज्या घरात तीस हजार जमेपर्यंत ते गेले नव्हते, तेथे परतण्याची वाटच आता उरली नाही. देणगी मागताना त्यांचा शब्द लोकांच्या हृदयाला भिडे, कारण मागण्याआधी ते स्वतः देऊन बसलेले असत.

दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह चालू असताना गुरुकुलाच्या ब्रह्मचाऱ्यांनी स्वतः मजुरी करून आणि आपल्या आहारात काटकसर करून मदत पाठवली होती. १९१५ साली कुंभमेळ्याच्या वेळी गांधीजी स्वतः कांगडीस येऊन मुन्शीरामांना भेटले. १९२४ च्या गंगेच्या महापुरात कांगडीच्या इमारतींची मोठी हानी झाली, तरी संस्था टिकली आणि आज ती हरिद्वार येथे विश्वविद्यालयाच्या रूपाने उभी आहे.

ते निर्दोष होते असे म्हणणे त्यांनाच आवडले नसते. स्वभाव तापट होता. सहकाऱ्यांशी मतभेद झाले की ते पदाचा राजीनामा देऊन मोकळे होत, आणि असे अनेकदा झाले. अंतःकरणातील युद्ध एकदा जिंकले म्हणजे कायमचे संपते, असा भ्रम त्यांनी स्वतः बाळगला नाही, इतरांनाही होऊ दिला नाही. त्यांनी कल्याण मार्ग का पथिक या नावाने आत्मचरित्र लिहिले. त्यात आपले मद्यपान, आपला नास्तिकपणा, पत्नीची ती रात्र आणि ती कांकणे, यांतील काहीही झाकले नाही. सर्व देश ज्यांना महात्मा म्हणत होता, त्यांनी आपली वांती झालेल्या पायऱ्यासुद्धा वाचकांना दाखवल्या. हेतू एकच, की पडलेल्याने निराश होऊ नये.

१२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि स्वतःसाठी श्रद्धानंद हे नाव निवडले. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याला श्रद्धामय म्हटले आहे. ज्याची जशी श्रद्धा तसाच तो असतो. काशीच्या देवळाच्या दारात ज्याची श्रद्धा गळून पडली, बरेलीत ज्याला बुद्धीची उत्तरे मिळूनही श्रद्धा लाभली नाही, त्याने अखेर श्रद्धेलाच आपले नाव केले. ती श्रद्धा त्याला वादातून मिळाली नव्हती. कळलेले सत्य एकेक करून आचरणात आणता आणता ती अंतरात उगवली होती.

त्या श्रद्धेची परीक्षा ३० मार्च १९१९ रोजी झाली. रौलट कायद्याच्या निषेधार्थ दिल्लीत हरताळ होता आणि गोळीबार होऊन काही लोक मारले गेले होते. चांदणी चौकात घंटाघराजवळ गुरखा शिपायांनी लोकसमुदायाकडे संगिनी रोखल्या, तेव्हा हा भगव्या वस्त्रातील वृद्ध पुढे झाला आणि त्याने आपली छाती त्यांच्यासमोर उघडी केली. शिपाई थबकले, संगिनी खाली आल्या. थोड्याच दिवसांनी, ४ एप्रिलला, दिल्लीच्या मुसलमानांनी त्यांना जामा मशिदीत बोलावून त्यांचे भाषण ऐकले. त्याच वर्षी जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर भयग्रस्त झालेल्या अमृतसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षाचे अवघड काम त्यांनी अंगावर घेतले आणि भाषण हिंदीतून केले. अस्पृश्यता दूर व्हावी म्हणून ते अखेरपर्यंत झटले. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत ते आजारी होऊन अंथरुणावर असताना भेटीस आलेल्या एका मनुष्याने गोळ्या झाडून त्यांचा प्राण घेतला. त्याला त्यांच्याशी धर्मचर्चा करावयाची होती, आणि दुखण्यातही स्वामीजींनी त्याला परत पाठवले नव्हते.

प्रिय वाचक, संगिनींपुढे छाती उघडी करणारा पुरुष एका दिवसात घडला नाही. तो १८८४ च्या त्या रात्री घडू लागला, जेव्हा कोणी पाहत नसताना त्याने पेला भिंतीवर फोडला. आपणही रोज संकल्प करतो आणि रोज मोडतो, आणि मग आपला स्वभावच असा, असे म्हणून मनाची समजूत घालतो. मुन्शीरामांच्या जीवनाकडे पाहता एवढे ध्यानात यावे की केवळ कळणे पुरत नाही आणि रडणेही पुरत नाही. जे पटले ते त्याच क्षणी, लहानशा का होईना, कृतीत उतरवावे. मोहाकडे परत जाणारी वाट आपल्याच हाताने बुजवावी. दुसऱ्यास सांगण्यापूर्वी स्वतः करावे. आणि घरात शिवदेवीसारखे मौनाने सेवा करणारे कोणी असेल, तर त्याची कांकणे उतरण्यापूर्वी सावध व्हावे.

किती वेळा पडलो याचा हिशेब भगवंत मागत नाहीत. ते उठणाऱ्याला हात देतात. हात धरण्यासाठी आपण मात्र हातातला पेला टाकला पाहिजे.